टिकाराम कापगते आणि जगाचं एकच सरकार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाखांदूर तालुक्यातलं मोहबोडी गाव आपल्या सगळ्या पीडा शिवेबाहेर नेऊन टाकतं. आदल्या दिवशी दाराशी रोवलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटायचे, खांद्यावर घ्यायचे आणि 'घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत शीव गाठायची. कोणी खोकला देतो, कोणी ढेकूण देतो, एखादी सून आवाज लहान करून सासूचं नाव घेते. गेल्या साली टिकाराम कापगतेनं मेढे उचलले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "जगाचं एकच सरकार घेऊन जाय गे मारबत!"

पोरांना काय, नवं काहीतरी ओरडायला मिळालं. शिवेपर्यंत तोच गजर. तिथं सेवकराम उभा होता. सेवकराम म्हणजे एस.टी.चा रिटायर कंडक्टर, नाकावर चष्मा, आणि टिकारामच्या प्रत्येक बोलण्याला तिथल्या तिथं उत्तर द्यायची जबाबदारी त्यानं लहानपणापासून अंगावर घेतलेली.

"काऊन गा टिकाराम," तो म्हणाला, "मारबत त शिवेपर्यंतच नेते. शिवेच्या पलीकडं काय हाये?"

"काय हाये?"

"जग हाये ना बावा! तू त्याचं सरकार त्याच्याच घरी नेऊन टाकलं."

लोक पोट धरून हसले. टिकाराम हसला नाही. त्याच्या मते हसणारा प्रत्येक माणूस हा त्या सरकारचा पहिला मतदार होता.

आता हा टिकाराम वाईट माणूस होता असं मुळीच नाही. सत्तरी ओलांडलेला, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यावर चार एकर धान काढणारा. देवावर श्रद्धा, देशावर जीव. पंधरा ऑगस्टला हेडमास्तराच्या आधी शाळेत हजर आणि संध्याकाळी झेंडा उतरेपर्यंत फाटकाशी बसून. कोणी सांगितलेलं नाही, पण झेंड्याला एकटं कसं सोडायचं? मंडईत चिनी शेवयांची गाडी लागली की तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. जग एक होऊ नये म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता; पण भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला ते दुःख पंचवीस वर्षांनीही त्याला गिळता येत नव्हतं. "आपला एवढा मोठा जिल्हा, फोडला!" म्हणायचा. सेवकराम विचारायचा, "जिल्हा एक झाला तं चालते, मंग जग एक झालं तं काय बिघडते?" त्यावर टिकारामचं उत्तर ठरलेलं, "तुले नाई समजत." आणि गोंदियाकडच्या पाहुण्यांनी सून म्हणून मुलगी सुचवली, तेव्हा "तिकडचे लोक आपल्यातले नाईत" असं सांगून त्यानंच ते स्थळ परत पाठवलं होतं.

जगाच्या सरकारची बातमी त्याला मोबाइलनं दिली. मोबाइल मुलानं दिला. मुलगा भुपेंद्र मस्कतला क्रेन चालवतो. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा बापाच्या हातात हा काळा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आता दूर असून जवळ राहू आपण." झालं असं, की भुपेंद्र महिन्यातून दोनदा जवळ यायचा आणि एक दाढीवाला वक्ता रोज दुपारी जेवणानंतर यायचा. मागे देवाची मोठी तसबीर, पुढे माईक. तो सांगायचा, की थोड्याच वर्षांत साऱ्या जगाचा एक झेंडा होईल, एक नाणं होईल, देवळं बंद होतील आणि माणसाच्या डोळ्याचा फोटो काढून त्याला नंबर देतील. चीनमध्ये बनलेल्या, मस्कतमध्ये घेतलेल्या त्या यंत्रातून टिकाराम हे सगळं बसल्या जागी ऐकायचा आणि जगापासून देश वाचवायची शपथ घ्यायचा.

ऐकायचा म्हणतो, कारण दिसत फारसं नव्हतं. आणि इथंच खरी गोष्ट सुरू होते.

मोहबोडीत श्रावण महिनाभर दिवेलागणीला मारुतीच्या देवळात पोथी वाचतात. टिकारामचा आजा वाचायचा, मग बाप, मग चाळीस वर्षं टिकाराम. पाटावर लाल फडकं, फडक्यावर पोथी, बाजूला समई. एक ओवी म्हणायची आणि मग तिचा अर्थ सांगायचा अशी रीत. गावात ग्रामपंचायत आहे, सोसायटी आहे, पण त्या पाटाला जो मान आहे तो त्यांना नाही. पाटावरून बोललेलं पोथीतलं समजतात. त्यावर कोणी शंका घेत नाही, कारण दुसऱ्या कोणी ती पोथी कधी उघडून पाहिलेलीच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात समईच्या ज्योतीभोवती टिकारामला कडं दिसायला लागलं. मग कडं राहिलं आणि अक्षरं गेली. चाळीस वर्षांची सवय, ओव्या बऱ्याचशा पाठ. बोट ओळीवर, मान हलती, पानं वेळच्या वेळी उलटती. पण पाठांतराला मध्येच भोक पडायचं. समोर माणसं बसलेली. थांबायचं कसं? थांबलं की दिसत नाही हे कळणार, आणि कळलं की पाटावर सेवकराम येणार. त्याचा चष्मा तर कायमच पुसून तयार. मग टिकाराम त्या भोकात मनचं काहीतरी भरायचा. आधी लहान लहान: दिवा लागल्यावर झाडू नये, नवऱ्याच्या आधी बायकोनं जेवू नये, गुरुवारी चहा वर्ज्य. पुढे भोकं मोठी झाली आणि दुपारचा दाढीवाला त्यांत आपोआप मावू लागला.

अकराव्या अध्यायात पोथी काय सांगते ते पुढे येईलच. टिकारामनं सांगितलं ते असं, की कलियुगाच्या शेवटी साऱ्या पृथ्वीचा एकच राजा होईल. तो सात समुद्रांपलीकडे बसेल. माणसांच्या डोळ्यांत काच बसवील आणि त्या काचेतून ज्याची त्याची चूल, ज्याचा त्याचा देव्हारा पाहील. ज्यानं डोळ्यात काच घेतली त्याचा देश गेला, देव गेला, पितरांचं पाणी तुटलं.

आणि गर्दी वाढली! आधी सात बाया आणि ओट्याखाली दोन कुत्री एवढेच श्रोते असायचे. आता सभामंडपात जागा मिळेना. जनाबाई तर धानाच्या रोवण्यावरून चिखलाच्या पायांनी थेट देवळात यायची, "आज राजाचं हाये का जी?" म्हणून विचारायची. टिकारामला वाटलं, देवानं दृष्टी घेतली पण वाणी दिली.

हे सगळं असंच चाललं असतं. पण या साली श्रावण लागताच त्याची बायको कुंताबाई अंगणात पाऊण घटका टिकारामवर तोंडसुख घेत उभी राहिली. बोडीचं पाणी धानाच्या बांधीत कधी सोडणार, छपराचे कवेलू कधी फेरणार, सगळं विचारलं. टिकाराम मुकाट ऐकतोय याचं तिला नवल वाटलं आणि जरा दयाही आली. जवळ जाऊन पाहते तर ते भुशाचं पोतं. खरा टिकाराम मागच्या दारात उभा राहून आपलं मोल भुशाच्या पोत्याएवढं झालेलं ऐकत होता.

गावची आशाताई रुपा दुसऱ्याच दिवशी आली. तिनं बॅटरी लावून कुंताबाईचे डोळे पाहिले, लाखांदूरच्या शिबिरात डॉक्टरलाही दाखवून आणले. परत येऊन टिकारामच्या पुढ्यात बसली.

"मामाजी, आत्याबाईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरा पिकला. डॉक्टर म्हणाले, आता थांबलं तं आत दाब वाढते आन डोळाच जाते. मंग ऑपरेशन करून बी फायदा नाई. गुरुवारी गाडी भंडाऱ्याले जाऊन राहिली. नाव टाकू ना?"

"टाक ना," टिकाराम म्हणाला. "पुसतं कायले?"

"नोको टाकू," आतून कुंताबाई म्हणाली.

"काऊन वो?"

"डोळ्यात काच बसवतेत म्हणे. रुपानंच सांगतलं."

"लेन्स म्हणतेत त्याले आत्याबाई. एवढुशी असते."

"एवढुशी का असेना, काचच हाये ना? अकराव्या अध्यायात सांगतलं हाये. मी आंधळी मरीन, पण भुपेंद्रच्या पितरायचं पाणी नाई तोडणार."

रुपानं त्याच्याकडे पाहिलं. सांगा मामाजी, असं ते पाहणं. टिकारामला ते पाहणं दिसलं नाही, पण कळलं.

रविवार ते बुधवार त्यानं सगळे उपाय केले. पहिल्यांदा म्हणाला, जगाचं सरकार सध्या पुढं ढकललं आहे, मोबाइलवर आलं. कुंताबाई म्हणाली, "मंग ढकललं हाये तवरच मरू द्या मले." मग म्हणाला, की काच आपल्याच देशात बनते, सगळं देशी आहे. "राजा थोडाच काच पाहून घेते? त्याले डोळ्याशी मतलब." मग शेवटी म्हणाला, पोथीतली काच म्हणजे साधा चष्मा, डोळ्यातली नव्हे. कुंताबाई उठली. "मंग सेवकराम भाऊजीच्या चष्म्यातून कोणी पाहून राहिलं का आपल्या घरात?" असं म्हणून तिनं सेवकरामच्या घराकडची खिडकी लावून घेतली.

"अवो, मी सांगतो ना तुले!"

"तुमी घरात सांगता ते तुमचं. पाटावर सांगतलं ते देवाचं. पाटावरून फिरवा, मी जाते."

चाळीस वर्षांत टिकारामच्या पाटाचा एवढा मान कोणी ठेवला नव्हता, आणि त्याला तो इतका नकोसाही कधी झाला नव्हता.

बुधवारी तो दिवसभर बांधीत पाण्यात उभा राहिला. पाणी एका बांधीतून दुसरीत सोडायला घटकाभर लागते, त्यानं सहा तास लावले. खरं सांगायचं म्हणजे पाट जाणार. न सांगावं तर तिचा डोळा जाणार. मधली वाट शोधता शोधता त्याला एक ओवी सुचली. 'परी जी पतिव्रता नारी, तिजसी काच ना बाधे तरी.' म्हणून पाहिली, चांगली बसत होती. एका ओवीनं बिघडलं ते एका ओवीनं सुधारेल. यात देवाचं तरी काय जातं? बांधावर उभा राहून त्यानं ती चार वेळा चालीवर म्हटली. बगळे उडाले.

संध्याकाळी देऊळ भरलेलं. कुंताबाई मुद्दाम पुढं बसलेली, शेजारी रुपा, खांबाला टेकून सेवकराम. टिकारामनं पोथी उघडली, पानं मोजून उलटली, बोट ठेवलं आणि म्हणाला, "आज अकरावा अध्याय पुन्हा घेऊ. त्यातली एक ओवी मागच्या खेपी राहून गेली." आणि खणखणीत आवाजात नवी ओवी म्हटली. अर्थही सांगितला. बायांत कुजबुज झाली. जनाबाईनं तर लगेच विचारलं, "आमाले बी लागू हाये का जी ते? पतिव्रतेचं?"

कुंताबाई उठून उभी राहिली.

"थांबा जी. दोन साल झाले मी हा राजाचा अध्याय ऐकून राहिली. ही ओवी कधीच नवती."

"राहून गेलती म्हणून त सांगतलं!"

"सेवकराम भाऊजी, तुमाले दिसते. इकडं या. यायच्या बोटाखाली काय लिवलं हाये, तेवढं वाचा. तिथं असन, तं मी उद्या गाडीत बसते."

सेवकराम खांबापासून निघाला, पाटाशी वाकला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. टिकारामच्या बोटाखाली अकरावा अध्याय नव्हताच. ते पोथीचं शेवटचं पान होतं आणि त्यावर छापखान्याची जाहिरात होती: आमच्याकडे लग्नपत्रिका, पंचांगे व दातांचे मंजन मिळेल.

वीस वर्षं सेवकराम या घटकेची वाट पाहत होता. नुसतं मोठ्यानं वाचलं असतं तरी पुरे होतं. पण तो तसाच वाकून राहिला आणि हळू म्हणाला, "टिकाराम, तू सांगतं का मी सांगू?"

टिकारामनं पोथी मिटली.

"बोटाखाली काय हाये मले मालूम नाई," तो म्हणाला. "दोन साल झाले, मले अक्षर दिसत नाई. पाठ होतं तेवढं पोथीतलं सांगतलं. राजा, काच, पितरायचं पाणी, हे सारं मनचं. मोबाइलवरचं. आताची ओवी बी मनचीच. बांधीत बनवली."

मग तो पाटावरून उतरला आणि खाली माणसांत बसला. त्याला वाटलं होतं, लोक खवळतील. कोणी उठून जाईल, कोणी दोन शब्द ऐकवील. तसं काही झालं नाही. जनाबाई शेजारणीला म्हणाली, "दाबलं त्याले."

"कोणं?"

"कोणं म्हणजे? राजानं! तीन दिवसांपासून सरकारी बाई घरी येऊन राहिली. उगाच एवढा माणूस पोथी खोटी म्हणते का?"

हां हां म्हणता देवळाला ते पटलं. खोटं सांगितलं तेव्हा गावानं टिकारामवर पूर्ण विश्वास ठेवला. खरं सांगितलं तर एकाचाही बसेना. सेवकरामनं पाटावर बसून खरा अकरावा अध्याय वाचून दाखवला. त्यात एका गवळ्याचं वासरू हरवतं आणि तिसऱ्या दिवशी सापडतं, एवढंच. लोकांनी जांभया दिल्या. मधली पानं कंडक्टरनं गाळली, असं ठरलं. साऱ्या जिल्ह्यात राजा सगळ्यात आधी मोहबोडीत आला, याचा काही जणांना बारीकसा अभिमानही वाटून गेला.

कुंताबाई मात्र त्या सगळ्यात नव्हती. ती रुपाचा हात धरून घरी गेली होती. टिकाराम पोचला तेव्हा ओट्यावर बसलेली.

"या," ती म्हणाली. "बसा. दिवा लागल्यावर झाडू नये, हे पोथीतलं का तुमचं?"

"...माझं."

"गुरुवारचा चहा?"

"तो बी."

"दोन साल मी गुरुवारी चहा नाई प्याली. डोस्कं धरून बसो मी, डोस्कं! आन नवऱ्याच्या आधी जेवू नये?"

टिकाराम वाकून ओट्याखालच्या चपला सारख्या करायला लागला.

"बोला जी. तुमी बोडीवरून तिसऱ्या पहरी येत होते, मी उपाशी बसून राहत होती."

"ते बी माझंच," टिकाराम म्हणाला. "भोक मोठं पडलं होतं त्या दिवशी."

कुंताबाई उठली, आत गेली, ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर बसून सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवली. हात धुऊन म्हणाली, "उद्या रुपाले सांगा, दोन सीटा लागतीन."

गुरुवारी भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिनं आधी चहा मागवला, मग ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. नर्सनं बोटं दाखवली, तिनं बरोबर मोजली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचली, वार वाचला, खालची औषधाच्या दुकानाची जाहिरातही वाचली. टिकाराम बाजूच्या बाकावर बसून ऐकत होता. प्रत्येक शब्दाला त्याची मान हलत होती.

"यायचं बी नाव लिवा," कुंताबाई नर्सला म्हणाली.

नर्सनं त्याला खुर्चीवर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि यंत्र पुढं सरकवलं. आत एक पांढरा ठिपका चमकत होता. टिकारामनं डोळे गच्च मिटून घेतले.

"उघडा ना आजोबा. दुखत नाही."

"बाई, एक सांग. यातून माझा डोळा कोणाकोणाले दिसते?"

"मला."

"आन दुसऱ्या कोणाले?"

"अजून कोणाला दिसणार? डॉक्टर जेवायला गेलेत."

"फोटो कुठी जाते? दिल्लीले? भारताच्या बाहेर?"

"फोटो नाहीच निघत आजोबा याच्यात. नुसतं पाहायचं आणि या कागदावर लिहायचं. उघडा लवकर, बाहेर चाळीस जण बसले आहेत."

टिकारामनं डोळे उघडले. बराच वेळ तो त्या ठिपक्याकडे रोखून बघत राहिला, कोणी तिकडून बघतं आहे का ते. नर्सनं कागदावर 'दोन्ही डोळे, मोतीबिंदू' असं लिहिलं आणि "पुढचा" म्हणून हाक दिली.

"झालं?" टिकारामनं विचारलं.

"झालं."

"एवढंच?" तो म्हणाला, आणि जरासा हिरमुसून खुर्चीवरून उठला.